आबांच्या पेटीतली सही विकायची आहे? सर्टिफिकेटच्या आधी करायची कामं

माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली आणि त्यातून सह्यांची बॅट, ऑटोग्राफची वही किंवा एखाद्या पैलवानाचा सही केलेला फोटो निघाला, की घरात चर्चा सुरू होते. सही खरी असेल का? विकली तर किती येतील? मग पुण्याचा एखादा भाचा फोनवर सांगतो, "मामा, आधी अमेरिकेच्या कंपनीचं सर्टिफिकेट घ्या, दुप्पट भाव येईल." भाच्याचं सांगणं कधी बरोबर निघतं. कधी मात्र सर्टिफिकेटचा खर्चच वस्तूच्या किमतीवर जातो. असली वस्तू पहिल्यांदाच हातात आलेल्या माणसाने हे कसं ठरवायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत निघणाऱ्या बहुतेक वस्तूंना परदेशी सर्टिफिकेट लागत नाही. त्यांना लागतो त्यांचा लिहून काढलेला इतिहास. तो सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. म्हणून विकायची घाई करू नका, पण विचारून लिहून घ्यायची घाई जरूर करा.

पहिलं काम: वस्तू आहे तशी सांभाळा

फिकी झालेली सही नव्या पेनाने गिरवू नका. घरातल्या मुलांनी हौसेने गिरवलेल्या सह्या मी पाहिल्या आहेत आणि फार हळहळ वाटते, कारण गिरवलेली सही त्या खेळाडूची राहत नाही. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेविकॉल नको. बॅट ओल्या फडक्याने पुसू नका आणि चकाकी यावी म्हणून तेलही लावू नका. तेलाने लाकूड काळवंडतं, सही पसरते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं. वस्तू खाली आणा, घराच्या आतल्या खोलीत, कोरड्या कपाटात, उजेडापासून लांब ठेवा. दिवाणखान्यात खिडकीसमोर फ्रेम लावली तर बॉलपेनची सही काही वर्षांत उडून जाते. कागदाला कसर लागली असेल तर डांबरगोळ्या थेट कागदावर टाकू नका, कापडात बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा.

मग मोबाइलने फोटो काढा. सकाळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, पुढून, मागून, प्रत्येक सही जवळून, बाजूला मोजपट्टी ठेवून. पुढचं सगळं बोलणं या फोटोंवरच होणार आहे.

दुसरं काम: सही हाताची की छापील

ही तपासणी घरच्या घरी होते आणि निम्म्या शंका इथेच मिटतात. सराफ किंवा घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळवा. जळगावात तर ते कोणत्याही सराफाकडे दिसेल. सहीची रेघ भिंगाखाली बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती छपाई आहे. मासिकांच्या मधल्या पानावरची पोस्टरं, दुकानात भेट म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या बॅटी, संघाचे छापील फोटो यांवर छापील सह्या सर्रास असतात. रबरी शिक्का असेल तर रेघेची जाडी सगळीकडे सारखी दिसते आणि कडेला शाई साचलेली असते.

हाताने केलेल्या सहीत जोर कमी-जास्त होतो. बॉलपेन कागदाला किंचित दाबतो आणि तिरक्या उजेडात ती खाच दिसते. शाईच्या पेनाची रेघ जुन्या कागदात थोडी फुटते. सही भराभर केलेली असेल तर शेवटचं टोक उडत बारीक होत जातं. रेघ थरथरलेली, मध्येच थांबून पुढे गेलेली, जणू चित्र काढल्यासारखी दिसली तर सावध व्हा. मात्र म्हातारपणी केलेली खरी सहीसुद्धा थरथरते, म्हणून एवढ्यावरून निकाल लावू नका.

बॅटीवर किंवा संघाच्या कागदावर दहा-बारा सह्या असतील तर एक गोष्ट खास पाहा. सगळ्यांचा कल, दाब आणि शाई एकसारखी आहे का? पूर्वी ड्रेसिंग रूममध्ये कागदांचा गठ्ठा यायचा आणि एखादा खेळाडू सहकाऱ्याच्या नावाची सही स्वतःच ठोकून द्यायचा. कागद खरा, दौरा खरा, पण दोन-तीन सह्या दुसऱ्याच्या हातच्या, असं घडतं.

तिसरं काम: तारखा जुळवून पाहा

इथे पैसे लागत नाहीत. वही-पेन आणि थोडा चिकटपणा पुरतो. वस्तूबद्दल जे सांगितलं जातं त्यातली प्रत्येक गोष्ट त्या काळी शक्य होती का, ते तपासायचं.

बॉलपेन बाजारात आला १९४५ च्या सुमारास. म्हणजे १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली त्या दौऱ्यातली सी. के. नायडूंची सही बॉलपेनमध्ये असेल, तर ती त्या दौऱ्यातली नाही. नायडू १९६७ पर्यंत हयात होते, त्यामुळे सही त्यांचीच पण पुढच्या काळातली असू शकते. खोटी असण्याची शक्यताही आहेच. जाड काळ्या मार्करच्या सह्या १९६० च्या दशकाच्या आधीच्या असण्याची शक्यता फार कमी.

१९८३ च्या विश्वचषकाची "निळी जर्सी" कोणी दाखवली तर तिथेच थांबा. ती स्पर्धा पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने खेळली गेली. विश्वचषकात रंगीत कपडे आणि पांढरा चेंडू आला १९९२ ला. "१९७१ ला वानखेडेवर सही घेतली" असं कोणी म्हणालं तर वानखेडेवरची पहिली कसोटी जानेवारी १९७५ ची आहे, तोवर मुंबईच्या कसोट्या ब्रेबॉर्नवर होत होत्या. अर्थात, माणूस वर्ष विसरतो, मैदानाचं नाव विसरतो. त्याला खोटं ठरवायची घाई नको. पण कागदावर लिहिताना चूक दुरुस्त झालीच पाहिजे.

मृत्यूच्या तारखा सर्वांत उपयोगी. विनू मांकड गेले १९७८ ला, ध्यानचंद १९७९ ला, खाशाबा जाधव १९८४ ला. १९८३ च्या विजेत्या संघात १४ जण होते. त्यांतले यशपाल शर्मा जुलै २०२१ मध्ये गेले. त्यामुळे "२०२३ च्या कार्यक्रमात सगळ्या १४ जणांनी माझ्यासमोर सह्या केल्या" हे होऊच शकत नाही.

नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात कागदावर मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० नंतरची. १९३६ चा म्हणून सांगितलेला कागद त्या उजेडात निळसर पांढरा झळाळला तर प्रश्न विचारायला हवा. कापडाच्या बाबतीत हा प्रयोग फसवतो, कारण कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच रसायनं असतात आणि खरी जुनी टोपीसुद्धा एकदा धुतली की चमकते.

चौथं काम: घरातल्या माणसांना बसवून विचारा

या कामाला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

समजा, आजोबा भुसावळला रेल्वेत होते. त्या जंक्शनवरून एक लाइन नागपूरमार्गे हावड्याकडे जाते, दुसरी खंडवा-इटारसीमार्गे उत्तरेकडे. खेळाडूंचे संघ रेल्वेने फिरत तेव्हा मुंबईहून कोलकात्याला किंवा दिल्लीकडे जाताना गाडी भुसावळला थांबायची, आणि प्लॅटफॉर्मवर वही पुढे करून सह्या घेतल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकू येतात. अशा गोष्टीला आधार जोडता येतो. आजोबांच्या सर्व्हिस बुकात त्या वर्षी त्यांची नेमणूक कुठे होती? त्या वर्षी कोणता संघ दौऱ्यावर होता आणि मुंबईची कसोटी संपल्यावर पुढची कोणत्या शहरात, किती दिवसांनी होती? तारखा जुळल्या तर गोष्टीत जीव येतो. वहीत त्याच पानाच्या मागेपुढे आणखी कोणाच्या सह्या आहेत, तेही बघा. एका खेळाडूच्या सुट्या पानापेक्षा अख्खी वही, मधल्या अनोळखी सह्यांसकट, जास्त विश्वासाची असते. म्हणून वहीचं पान कधीही फाडून वेगळं करू नका.

घरातल्या मोठ्या माणसांना विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. "आबा, ही सही विजय मर्चंटांचीच ना?" असं विचारलं तर आबा हो म्हणतील. "आबा, ही वही तुमच्याकडे कशी आली?" असं विचारा आणि गप्प बसा. आजी अहिराणीत सांगत असेल तर अहिराणीतच रेकॉर्ड करा. तिचे शब्द नंतर प्रमाण मराठीत लिहिता येतील, पण मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा. "माहिती नाही" असं उत्तर आलं तर तेही तसंच लिहा. विकत घेणारा जाणकार असेल तर गुळगुळीत गोष्टीपेक्षा दोन ठिकाणी "आठवत नाही" असलेली गोष्ट त्याला जास्त पटते.

सोबतचे कागद शोधा: मॅचचं तिकीट, त्या दिवशीचा फोटो, खेळाडूने पाठवलेल्या पत्राचं शिक्क्यासह पाकीट, बक्षीस समारंभाची पत्रिका. गावच्या कुस्तीच्या दंगलीचं छापील हँडबिल असेल तर ते जिवापाड जपा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी जळगावच्या व. वा. वाचनालयात, धुळ्याच्या गरुड वाचनालयात चौकशी करून पाहा. पत्र किंवा हस्तलिखित फार जुनं आणि जीर्ण असेल तर ते हाताळायचं कसं, याची चौकशी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात करता येईल. सही खरी की खोटी हे ठरवणं मात्र त्यांचं काम नाही, तो आग्रह धरू नये.

हे सगळं दोन पानांत लिहा. वस्तू कोणाला, केव्हा, कुठे मिळाली, नंतर कोणाकडे होती, आज कोणाकडे आहे. सांगणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. हवं तर स्टॅम्प पेपरवर नोटरी करा, पण नोटरीमुळे एवढंच सिद्ध होतं की हे त्या माणसाने सांगितलं.

पाचवं काम: घेणारा कोण, आणि तो कोणाचं ऐकतो

जळगावचं सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो. त्यामागे धातूची प्रत्यक्ष तपासणी असते, किती टक्के सोनं ते आकड्यात कळतं. सहीच्या सर्टिफिकेटकडे लोक त्याच नजरेने पाहतात, आणि तिथे गफलत होते. सहीचं सर्टिफिकेट म्हणजे अनुभवी माणसाने जमवलेल्या नमुन्यांशी ताडून दिलेलं मत. त्या मताला किंमत किती, हे देणारा कोण आणि त्याच्याकडे त्या खेळाडूचे नमुने किती, यावर ठरतं.

अमेरिकेतल्या पीएसए, जेएसए आणि बेकेट या तपासणी करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या. त्यांचा मोठा अनुभव बेसबॉल, बास्केटबॉल अशा तिकडच्या खेळांचा. सचिन तेंडुलकर किंवा ब्रॅडमन यांच्यासारख्या जगभर सही गोळा होणाऱ्या नावांसाठी त्यांचं मत बाजारात चालतं. पण १९५०-६० च्या दशकातला रणजी खेळाडू, जुना हॉकीपटू, महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल यांच्या सहीचे नमुने तिकडे असतील कशाला? अशा वस्तूसाठी तिकडे पैसे पाठवणं मला पटत नाही. तिथे तुमची ती दोन पानं आणि हँडबिलच कामाला येतं.

क्रिकेटच्या जुन्या वस्तूंचा खरा बाजार इंग्लंडमध्ये आहे. ग्रॅहम बड, नाइट्स यांसारखी तिकडची लिलावघरं खेळांच्या वस्तूंचेच लिलाव करतात. अशा लिलावघरांना फोटो आणि इतिहास ईमेलने पाठवून विचारता येतं: तुम्ही ही वस्तू घ्याल का, अंदाजे किती येतील, आणि बाहेरचं सर्टिफिकेट तुम्हाला लागेल का? उत्तर "नको" असं आलं तर एक मोठा खर्च वाचला. हा प्रश्न आधी विचारायचा, सर्टिफिकेट नंतर. आपल्याकडे पुण्यात ब्लेड्स ऑफ ग्लोरी हे क्रिकेटचं संग्रहालय आहे. तिथे खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी आहेत. विकायला नव्हे, डोळा तयार करायला एकदा जाऊन या.

वस्तूचा उगम पक्का असला की काय होतं, याचं ठळक उदाहरण धोनीच्या बॅटीचं. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली त्याची बॅट त्याच वर्षी लंडनमधल्या मदतनिधी कार्यक्रमात १,००,००० पौंडांना गेली. ती खुद्द खेळाडूकडून आलेली होती, त्यामुळे तिच्या खरेपणावर वाद होण्याचं कारणच नव्हतं.

आणि उलट बाजूही ऐका. अमेरिकेत एफबीआयने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम हाती घेतली. त्यात खेळाडूंच्या बनावट सह्यांचा मोठा धंदा उघडकीस आला. त्या टोळीने मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा बनवले होते, आणि मालासोबत रीतसर सर्टिफिकेटंही फिरत होती. म्हणून विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं चकचकीत सर्टिफिकेट मी पुरावा मानत नाही. नामांकित कंपनीचं असेल तर त्यावरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून, तिथली नोंद याच वस्तूची आहे ना ते बघा.

सहावं काम: हिशोब मांडा

पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

एका खेळाडूची सही असलेला फोटो नुसता ३,००० ला जाईल, सर्टिफिकेटसह ५,००० ला. तपासणीची फी, जायचं-यायचं कुरिअर, विमा मिळून ८,००० लागतील. इथे विषय संपला, फोटो तसाच विका.

दुसरी वस्तू अख्ख्या संघाच्या सह्यांची बॅट. नुसती ४०,०००, सर्टिफिकेटसह १,००,०००, खर्च २०,०००. वरवर पाहता फायदाच दिसतो. पण बॅट नापास झाली तर तिला जवळपास काहीच येणार नाही, आणि फी सहसा निकाल काहीही लागला तरी द्यावीच लागते. पास होण्याची शक्यता निम्मी धरली तर सरासरी ५०,०००, त्यातून खर्च गेला की ३०,००० उरतात, म्हणजे तशीच विकण्यापेक्षा १०,००० कमी. शक्यता पाचात चार असेल तर ८०,००० मधून २०,००० वजा जाऊन ६०,००० राहतात. आता पाठवणं परवडतं. ही शक्यता तुम्ही कशावरून धरणार? पहिल्या चार कामांवरून. ती न करता सर्टिफिकेटला पैसे घालणं म्हणजे आकडा लावणं.

एक लक्षात असू द्या. ब्रॅडमननी आयुष्यभर चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत असंख्य सह्या केल्या. त्यामुळे खेळाडू जितका मोठा तितकी सही दुर्मीळ, असं होत नाही.

पाठवायचंच ठरलं तर

आधी कायदा. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या पुरावस्तू, आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे ७५ वर्षांहून जुने दस्तऐवज खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यातला सह्यांचा कागदसुद्धा या कक्षेत येऊ शकतो. अशा वयाची वस्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करून, ती पुरावस्तू नसल्याचा दाखला लागेल का ते आधी स्पष्ट करून घ्या. तपासणीसाठी पाठवतो आहे, विकायला नाही, ही सबब चालत नाही.

मग फोटोवरून प्राथमिक मत मिळतं का ते पाहा. काही तपासणी कंपन्या थोड्या पैशांत ते देतात. तिथेच नकार आला तर कुरिअरचा खर्च वाचतो. पार्सल पाठवताना विमा घ्या आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढा. वस्तू तपासून परत येणार आहे हे कागदोपत्री स्पष्ट लिहा, नाहीतर परत येताना कस्टममध्ये ड्युटी मागितली जाऊ शकते. काही कंपन्या वस्तूवर स्टिकर लावतात. जुन्या वहीवर तो नको असेल तर फक्त पत्र मिळेल का, हे आधी विचारून घ्या.

नापास झाली, किंवा मत देता येत नाही असं उत्तर आलं

या दोन उत्तरांत फरक आहे. "मत देता येत नाही" म्हणजे त्यांच्याकडे नमुने कमी आहेत किंवा सही फार पुसट आहे. तिथे तुमचा लिहिलेला इतिहास घेऊन वस्तू विकता येते, मात्र हे उत्तर आल्याचं घेणाऱ्याला सांगून. "खरी वाटत नाही" असं उत्तर आलं तर ती वस्तू खरी सही म्हणून पुन्हा कोणालाही विकायची नाही. दुसऱ्या कंपनीचं मत घ्यायचं असेल तर घ्या, पण पहिलं मत लपवू नका. खोटी आहे हे माहीत असून खरी म्हणून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक होऊ शकते. शिवाय ज्या घराने पन्नास वर्षं ती वस्तू प्रेमाने जपली, त्या घराचं नाव आपण त्या व्यवहारात गुंतवतो.

विक्रीच्या वेळी पावतीवर वस्तूचं वर्णन जपून लिहा: "कुटुंबाच्या माहितीनुसार अमुक खेळाडूची सही, अमुक वर्षी अमुक ठिकाणी मिळालेली, स्वतंत्र तपासणी केलेली नाही" किंवा "अमुक कंपनीने तपासलेली, क्रमांक अमुक". रक्कम मोठी असेल तर करासाठी सीएला विचारा. लिहून काढलेल्या इतिहासाची मूळ प्रत घेणाऱ्याला द्या. झेरॉक्स, फोटो आणि आजीचं रेकॉर्डिंग आपल्याकडे ठेवा.